दार वाजवणारी

बस स्थानकाच्या मागच्या अंगाला, सामानघराला लागून जे स्वच्छतागृह आहे, तिथे दुपारी बारापासून रात्री आठपर्यंत मावशीचं राज्य असतं. मावशी कुणाची, हे विचारू नये. ड्रायव्हर तिला मावशी म्हणतात, कंडक्टर म्हणतात, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले सुपरवायझर म्हणतात. एकदा तर पाहणीला आलेला एक बडा अधिकारी ओल्या फरशीवर घसरला आणि तिने दंडाला धरून सावरल्यावर तोही ‘थँक्यू मावशी’ म्हणून गेला. खरं म्हणजे तिला सख्खं मावशी म्हणणारं कुणीच नाही. बहीणच नाही तर भाचा कुठून येणार. एक भाऊ होता, आठ वर्षांनी धाकटा, आणि तो तिला ताई म्हणायचा.

तिच्या ताब्यात दहा दारं. पाच पुरुषांकडे, पाच बायकांकडे. प्रत्येक दाराआड संडासाचं भांडं, एक छोटं बेसिन आणि एक दाबायचा नळ. पूर्वी साधे फिरवायचे नळ होते. पण प्रवासी लोकांची बस नेहमीच सुटत असते, त्यामुळे नळ उघडणारे पुष्कळ आणि बंद करणारे थोडे. दुपारपर्यंत टाकी कोरडी ठणठणीत. शेवटी दाबायचे नळ बसवले. दाबलं की पाणी, सात आकडे मोजेपर्यंत वाहतं आणि आपलं आपण थांबतं. पुन्हा हवं तर पुन्हा दाबा. ज्याने कुणी ही युक्ती शोधली त्याला मावशीने मनातल्या मनात बरेच आशीर्वाद दिले होते.

अकरा वर्षांपूर्वी, ती नवीन असताना, पुरुषांच्या चौथ्या दाराखालून एक बूट बाहेर आलेला तिला दिसला. पुसताना आधी तिला रागच आला, की हा कोण इथे आडवा झालाय. तिने झाडूच्या दांड्याने तो बूट आत ढकलला. बूट सहज आत गेला, पाय असलेला बूट इतका सहज जाऊ नये तसा. दार फोडलं तेव्हा आतला मुलगा निळा पडला होता. शेजारी चमचा, लायटर आणि बोटाच्या पेराएवढी पुडी. चेहऱ्यावर कसलंच दुखणं नव्हतं, नुसता झोपलेला. त्याची आई संध्याकाळी आली आणि मावशीला म्हणाली, “तुम्ही तिथेच होता ना हो?”

होती. तिथेच, चार पावलांवर, आरसा पुसत होती. त्या दिवशी मावशीने कानाला खडा लावला.

तेव्हापासून कुठलंही दार आतून लागलं की तिच्या डोक्यात घड्याळ सुरू होतं. पाच मिनिटं झाली की ती बोटांच्या सांध्याने दोनदा वाजवते. कोण आहे, काय करताय, असलं काही विचारत नाही. आतल्या माणसाने एवढंच म्हणायचं, “आहे.” मग आणखी पाच मिनिटांनी पुन्हा. उत्तर आलं नाही तर तिसरी टकटक नाही, कमरेच्या जुडग्यातली किल्ली.

नव्या प्रवाशांची यात जरा पंचाईत होते. एकदा एक टायवाले सद्गृहस्थ तावातावाने सुपरवायझरकडे गेले. म्हणाले, मला अठरा मिनिटांत तीन वेळा हजेरी द्यावी लागली, मी शाळेत आलोय का? सुपरवायझरांनी मावशीला बोलावून समज दिली, की लोकांना जरा निवांत बसू द्यावं. मावशी म्हणाली, “निवांत बसायचं तर घरी बसावं. हे स्थानक आहे.” टायवाले अजून येतात. आता वाजवायच्या आधीच आतून ओरडून सांगतात.

एका गोष्टीने मात्र तिची दारापर्यंतची फेरी वाचायची. आतून पाण्याचा आवाज आला की ती वाजवत नसे. नळ दाबल्याशिवाय वाहत नाही आणि मेलेलं माणूस दाबत नाही, इतका साधा हिशेब. वर्षानुवर्षं तिच्या कानाला तेच वळण लागलं. चहा पिताना, कुणाशी बोलताना, अगदी सुपरवायझरांचं ऐकून घेतानाही तिचा अर्धा कान दहा दारांवर असायचा. पाणी वाजलं की तो कान सैल पडायचा. माणूस आहे, हात हलतोय, ठीक आहे.

अकरा वर्षांत तिने सव्वीस जणांना परत आणलं. आधी तोंडाला तोंड लावून, छातीवर दाबून, नंतर आरोग्य खात्याच्या गाडीने येऊन शिकवलेल्या नाकात मारायच्या फवाऱ्याने. ते दोन फवारे कुलपात असत, वहीत सही करून घ्यायचे, सही करून भरायचे. परत आलेल्यांपैकी कुणीही तिचे पाय धरले नाहीत. फवारा नशा उतरवतो, त्यामुळे डोळे उघडल्या उघडल्या बहुतेक जण तिला शिव्याच देत. एकाने जोडा फेकून मारला. मावशीने जोडा उचलून त्याच्या पायाशी ठेवला आणि म्हणाली, “दे शिव्या. जिवंत आहेस म्हणून देतोयस.” तिला त्यांची कणव होती असं उगाच म्हणू नये. तिला त्यांचा संताप यायचा. आईबापांनी तळहाताच्या फोडासारखी वाढवलेली ही धडधाकट पोरं भांड्याला टेकून निळी पडतात, हे बघून आलेला तो संताप हातातल्या फडक्यावर निघायचा. तिची फरशी लखलखीत असे त्याचं हेही एक कारण.

आणि हे सगळं करून ती घरी जायची तेव्हा घरात धाकटा असायचा.

धाकटा फरशी बसवणारा. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी सोडली तर ती गोटी जागच्या जागी विचार करत बसेल, असं त्याचा मुकादम म्हणायचा. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्यापुढे त्याला न्हाऊ घालणं, शाळेत घालणं, शाळेतून काढल्यावर कामाला लावणं, सगळं ताईने केलं. पावडर त्याने पहिल्यांदा घेतली ती काही दुःखाने वगैरे नाही. शनिवारी मित्र जमायचे, कुणीतरी आणली, मजा म्हणून. पुढे एका संध्याकाळी रस्त्यात पोलिसांनी झडती घेतली आणि खिशात नखाएवढी पुडी सापडली. चौदा महिने. बायकोने वाट पाहिली नाही, आणि तिला दोष द्यावा असं मावशीलाही कधी वाटलं नाही.

तुरुंगातून सुटून आला तो ताईच्या दोन खोल्यांत. जेवायला बसला तेव्हा पाठ भिंतीला लावून बसला. पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाला, “ताई, एक मागू?”

“माग की.”

“आत संडासाला दार नव्हतं. चौदा महिने. येणारे जाणारे बघायचे.” तो ताटाकडे बघत होता. “तू तिथे स्टँडवर दारं वाजवतेस ना, ते इथे नको करूस. मी आत गेलो की मला आत असू दे. बस, एवढंच.”

मावशीने शब्द दिला. देताना जड गेलं नाही. चौदा महिने उघड्यावर बसलेल्या माणसाला एक बंद दार नाकारायचं, इतकं तिचं काळीज दगडाचं नव्हतं.

शब्द दिला तो दिला, पण कान कसे बंद करणार? तो आत गेला की तिचा हात चालेनासा व्हायचा. तो पूर्ण सुटला नव्हता, हे तिला कळत होतं. ते कळायला तिला कुणी सांगायची गरज नव्हती, तिची इतकी वर्षं असल्या डोळ्यांत बघण्यात गेली होती. तीन आठवडे चांगले जायचे, मग एक दिवस बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. भांडून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. एकदा जेवताना तिने त्याला आपली पाण्याची युक्ती सांगितली. जरा फुशारकीनेच सांगितली, की मला वाजवावंही लागत नाही, पाणी वाजलं की समजायचं, माणूस शाबूत आहे.

धाकटा हसला. किती दिवसांनी हसला. “मग सोपं आहे. मी आत गेलो की नळ सोडून ठेवत जाईन. तुझा जीव भांड्यात, माझं दार बंद.”

“पाणी फुकट जाईल की रे.”

“तुझ्या जिवापुढे पाण्याचं काय घेऊन बसलीस?”

दोघं हसली. तेव्हापासून तो आत गेला की नळाची धार ऐकू यायची आणि ती सुखाने पुढचं काम करायची. घरातला नळ साधा होता, फिरवायचा, पितळी. आयुष्यभर नळांच्या संगतीत काढलेल्या दोन माणसांच्या, एक धुणारी आणि एक फरशी बसवणारा, हे ध्यानातच आलं नाही.

त्याच सुमारास शहरात त्या कायद्याची चर्चा पेटली. पावडर, गोळ्या, पाला, जे काही लोक मजेसाठी घेतात, ते जवळ बाळगणं गुन्हा राहावा की नाही? गुन्हा काढून टाकावा, विक्रीला परवाने द्यावेत, पाकिटावर आत काय आहे ते छापावं, असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, की मग घरोघर स्मशान होईल. स्थानकावरचे ड्रायव्हर चहाच्या टपरीपाशी तावातावाने भांडत. जो तो जन्मभर हाच अभ्यास केल्यासारखा बोले. सरकारने एक समिती नेमली. एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष. ती समिती गावोगाव बसून लोकांचं म्हणणं ऐकत होती, आणि कुणीतरी मावशीचं नाव सुचवलं.

ती निळी साडी नेसून गेली. सभागृहात गर्दी होती. दाराशी दोन पोलीस उभे होते, गर्दी आवरायला. मावशीला बाकी काही दिसलं नाही तरी ते दोघं दिसले.

तिच्या आधी दोघं बोलले. पहिली एक डॉक्टरीण, आरोग्य खात्याची गाडी घेऊन फिरणारी, जिने मावशीला फवारा शिकवला होता तीच. ती म्हणाली, “दारूचं दुकान कोपऱ्यावर आहे. बाटलीवर लिहिलेलं असतं, आत किती आहे. पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. माझ्याकडे येणारी माणसं विषाने कमी मरतात, लपण्याने जास्त मरतात. दार लावून, एकटी, कुणाला न सांगता.” मावशीला ते शब्दन् शब्द पटलं.

मग एक चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ उठले. कागद आणला होता, पण उघडला नाही. त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी गेली होती. “माझ्या मुलीला हे रस्त्यात सापडलं नाही,” ते म्हणाले. “ओळखीच्यांनी दिलं, हसत दिलं. एकदा घेऊन बघ, म्हणाले. दुकानात मिळायला लागलं तर हसत देणारे वाढतील का कमी होतील? डॉक्टर म्हणतात, तुरुंगाने माणसं बिघडतात. बिघडू दे. ती तुरुंगात असती तर मी दर रविवारी भेटायला गेलो असतो.” ते खाली बसले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मावशीला तेही शब्दन् शब्द पटलं. तिला स्वतःचाच राग आला, की आपल्याला एक काय ते धरून ठेवता येत नाही.

तिची पाळी आली. दारांचं, पाच मिनिटांचं, सव्वीस जणांचं तिने सांगितलं. टायवाल्यांचं सांगितलं तेव्हा सभागृह हसलं. अध्यक्षांनी विचारलं, कायदा बदलावा की नाही, तुमचं मत काय? ती म्हणाली, “साहेब, माझ्यापर्यंत माणूस येतो तोवर कायद्याचं काम संपलेलं असतं. मी दार वाजवते.” वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी हे छापून आलं.

मग अध्यक्षांनी समोरचा कागद बघून, सगळ्यांना विचारत होते तोच शेवटचा प्रश्न विचारला. “तुमच्या घरी असं व्यसन असलेलं कोणी आहे का?”

दाराशी पोलीस होते. धाकट्याच्या नावावर आधीची शिक्षा होती. दुसऱ्यांदा सापडला तर चौदा महिन्यांवर भागणार नव्हतं. आणि तो एकदा, अगदी शांतपणे, बूट पुसता पुसता म्हणाला होता, “ताई, परत आत मी जिवंत जाणार नाही.”

“नाही,” मावशी म्हणाली.

कोपऱ्यातल्या कारकुनाने ते टिपून घेतलं.

सभागृहाबाहेर डॉक्टरणीने टेबल मांडलं होतं. घरात असं माणूस असेल तर एक फवारा घरी न्या, फुकट. फक्त नाव, पत्ता, आणि त्या माणसाशी नातं, असे तीन रकाने भरायचे. मावशी टेबलापाशी थांबली. डॉक्टरीण म्हणाली, “मावशी, तुमच्या हाताखालून किती माणसं गेली. तुम्हाला हवाय का एक?”

“ही यादी कुठे जाते हो?”

“माझ्या ऑफिसात.”

“आणि तिथून?”

डॉक्टरीण खरं बोलणारी बाई. म्हणाली, “आत्ताचा कायदा आहे तोवर, पोलिसांनी लेखी मागितली तर मला द्यावी लागेल. अजून कुणी मागितली नाही.”

मावशीने पेन हातात घेतलं होतं. तिने ते पुन्हा जागेवर ठेवलं, त्याला बांधलेली दोरी नीट वळवून. म्हणाली, “स्टँडवर आहेत दोन. घरी काय करायचाय?”

यानंतर चार आठवडे धाकट्याने पुडीला हात लावला नाही. ते चार आठवडे कसे होते म्हणून सांगावं. तो सकाळी शीळ घालायचा. ताईच्या स्वयंपाकघरातल्या दोन उचकलेल्या फरश्या त्याने काढून नव्या बसवल्या. एका नव्या इमारतीचं मोठं काम त्याला लागलं. संध्याकाळी सिमेंटने पांढरे झालेले हात दाखवून म्हणायचा, हे बघ, माझी पावडर. मावशी रागावायची, आणि तोंड फिरवून हसायची.

पाचव्या आठवड्यात, तिच्या सुट्टीच्या दिवशी, तो दुपारी तीनलाच घरी आला. का लवकर आला, ते तिने विचारलं नाही. पुढे तिला कळलं, की जुन्या शिक्षेचा कागद नव्या मालकापर्यंत पोहोचला होता आणि त्याला हिशोब करून घरी पाठवलं होतं. त्याने तोंड हसरं ठेवलं होतं. “अंघोळ करतो गं,” म्हणाला, आणि आत गेला. कडी लागली. नळ सुरू झाला.

मावशी त्याच्या कामाच्या शर्टाला बटण लावत होती. पाण्याचा आवाज आला आणि तिचा जीव भांड्यात पडला. बटण लावून झालं. तिने इस्त्री तापवली. पाणी वाजत होतं. एक शर्ट झाला, दुसरा झाला. किती वेळ अंघोळ करतोय, असं तिच्या मनात आलं, पण काळजीने नाही, आई आपल्या पोराला मनात रागावते तसं. चारी शर्ट झाले. ते घडी करून रचताना ती गुणगुणत होती, हे तिला पुढे नेमकं आठवलं. कुठलं गाणं तेही आठवलं. ते गाणं तिने पुन्हा कधी म्हटलं नाही.

पाणी तिच्या पायाला लागलं तेव्हा तिने खाली बघितलं. न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून पाण्याची बारीक पट्टी बाहेर आली होती, त्याने बसवलेल्या नव्या फरशीवरून सरळ, कुठेही न वळता, तिच्यापर्यंत. तिने त्या पट्टीकडे बघितलं. मग कान दिला. धार एकसारखी वाहत होती. सात आकड्यांनी थांबत नव्हती. ती केव्हाच थांबली नव्हती.

तिने दार वाजवलं. दिलेला शब्द मोडून, दोनदा, बोटाच्या सांध्याने, सवय होती तसं. आतून काही आलं नाही. त्या दाराला बाहेरून लागेल अशी किल्ली घरात नव्हती. खांद्याने कडी तुटायला जो वेळ लागला, तेवढा तिने आयुष्यात कुठल्या दाराला दिला नव्हता. तो भिंतीला टेकून बसला होता, हाताचा पंजा मोरीच्या जाळीवर, म्हणून पाणी तुंबलं होतं. चार आठवडे कोरडं राहिलेल्या अंगाला त्याने जुन्याच मापाने पावडर दिली होती. सवय सुटलेल्या अंगाला जुनं माप झेपत नाही, हे मावशीला माहीत होतं. स्थानकावर ती पोरांना स्वतः बजावायची, मधे सोडलं असेल तर पहिल्यासारखं घेऊ नकोस. घरी कधी बोलली नाही. बोलणं म्हणजे तो पुन्हा घेईल असं मानणं, आणि तो शीळ घालत होता.

तिने त्याला आडवं केलं. मान मागे, नाक चिमटीत, तोंडाला तोंड. फोनवर एका अनोळखी मुलीला तिने एका दमात सगळं सांगितलं. पावडर आहे, भाऊ आहे, शिक्षा झालेला आहे, चार आठवडे थांबला होता, मला फवारा हवाय, लवकर या. सभागृहात जे तोंडातून निघालं नव्हतं ते सगळं. गाडी अठरा मिनिटांत आली. अठरा मिनिटं ती फुंकत होती. गाडीबरोबर आलेल्या माणसाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “मावशी, उठा आता. त्याला जाऊन अर्धा तास तरी झालाय.”

म्हणजे ती दुसरा शर्ट करत होती तेव्हा.

नळ अजून चालूच होता. कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी तो मावशीनेच बंद केला.

पुढे दोन महिन्यांनी समितीच्या कचेरीतून निरोप आला. आपली साक्ष टाइप झाली आहे, वाचून सही करावी. मावशी बारा वाजायच्या आत काम उरकावं म्हणून सकाळीच गेली. सभागृहात कोपऱ्यात बसलेला तोच कारकून होता. तरुण, सालस, दाढी नीट राखलेला. त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. चार पानं पुढे ठेवली. “वाचा सावकाश. टाइप करताना काही चुकलं असेल तर खूण करा.”

तिने वाचलं. दारं होती, पाच मिनिटं होती, टायवाले होते. तिथे कंसात ‘हशा’ असं लिहिलं होतं. शेवटच्या पानावर प्रश्न होता. तुमच्या घरी असं व्यसन असलेलं कोणी आहे का? त्याखाली उत्तर. नाही.

“हे चुकलंय,” मावशी म्हणाली.

कारकुनाने वाकून बघितलं. “नाही हो मावशी, तुम्ही असंच म्हणालात. मी ऐकून घेतलंय, टेपही आहे.”

“म्हणाले असंच. पण ते खरं नव्हतं.”

त्याने दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. त्याचं मन चांगलं होतं. “मावशी, असं मोठ्याने बोलू नका. समितीसमोर खोटं सांगितलं म्हटलं तर उगाच तुमच्या मागे लचांड लागायचं. नोकरीही जायची. अहवाल तर जवळजवळ तयार आहे. तुमची दारं वाजवायची पद्धत सगळ्या स्थानकांवर लावा म्हणून त्यात घेतलीय. आणि कायदा बदलायचा की नाही ते आता वरचे ठरवतील, या एका ओळीने काही होणार नाही.” मग तिला सोपं जावं म्हणून म्हणाला, “बरं, तेव्हाचं सोडा. आत्ता आहे का घरी असं कोणी?”

मावशीने त्याच्याकडे बघितलं. चहाच्या कपावर साय धरली होती.

“नाही,” ती म्हणाली.

“मग झालं तर. तेच लिहिलंय. करा सही.”

तिने सही केली. त्याने पानं सरळ करून फाइलीत लावली आणि तिला दारापर्यंत सोडायला आला.

बाराच्या ठोक्याला ती स्थानकावर होती. निळा झगा घातला, जुडगं कमरेला लावलं. पुरुषांकडचं चौथं दार बंद होतं. सकाळपाळीवाली म्हणाली, आत्ताच गेलाय कुणीतरी. आतून पाण्याचा आवाज आला, सातपर्यंत वाहिलं आणि थांबलं. पुन्हा आलं, पुन्हा थांबलं. आतला हात शाबूत होता.

मावशीने तरीही दार वाजवलं.

“आहे,” आतून कुणी तरुण आवाज म्हणाला.

तिने पुन्हा वाजवलं.

“आहे म्हटलं ना मावशी.”

मावशीने कपाळ दाराला टेकवलं. फडकं तिच्या हातातून खाली पडलं होतं. तिने पुन्हा दोनदा वाजवलं.

“अहो आहे, आहे. काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “पुन्हा एकदा म्हण.”